यंदा कॅप्टन मरणार नाही

"तमाम ग्रामस्थ, पै-पाहुणे, कारखान्यांवरून परतलेल्या सर्व टोळ्या आणि त्यांचे मुकादम यांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, आपल्या गावच्या नाटकातला शत्रूचा कॅप्टन यंदाच्या जत्रेत मरणार नाही. तो जखमी होईल, शरण येईल, कैदी होईल आणि जिवंत राहील. हा निर्णय आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून घेतलेला असून त्याविरुद्ध पारावर अपील चालणार नाही. हुकमावरून."

हे निवेदन मी स्वतः लिहिलं आणि देवळाच्या भोंग्यावरून स्वतःच वाचलं. हुकूम नेमका कुणाचा हे मलाही ठाऊक नव्हतं, पण त्या शब्दाशिवाय निवेदनाला वजन येत नाही. वाचून बाहेर आलो. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तंबाखूची पिंक टाकली आणि विचारलं, "मंग बघायला काय यायचं?"

प्रश्न रास्त होता. त्याचं वजन कळायला आमचं गाव कळायला हवं.

पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचं गाव आहे. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या सुमाराला परत येतं. मग जत्रा भरते आणि जत्रेत नाटक होतं. एकच नाटक, दरवर्षी. आमच्या निवृत्त मास्तरांनी तरुणपणी लिहिलेलं, सरहद्दीवरच्या लढाईचं. संवाद अख्ख्या गावाला पाठ आहेत. नट विसरला तर पहिल्या रांगेतली पोरं सांगतात, आणि नट त्यांच्यावर डोळे वटारून तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणतो.

आणि सगळं नाटक ज्याच्यासाठी बघायचं ते म्हणजे शेवटचं मरण. शत्रूच्या कॅप्टनचं.

हा कॅप्टन म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. एरवी पाथर्डीच्या रस्त्यावर जीप चालवतो. मिशी अशी की गिऱ्हाईक आधी मिशीला नमस्कार करतं, मग भाडं विचारतं. रंगमंचावर मरावं तर त्यानंच. गोळी लागली की तो पहिल्यांदा आश्चर्य करतो. मग छातीवर हात ठेवतो. मग डावीकडे तीन झोकांड्या, उजवीकडे दोन, एक गिरकी, आणि पडता पडता आयुष्याचा सगळा हिशेब ऐकवणारं भाषण. शेवटी पाय झाडतो. पहिला पाय झाडला की मैदानातून आरोळी येते, "वन्स मोर!" मग मेलेला कॅप्टन उठतो, धूळ झटकतो, लोकांना हात जोडतो आणि पुन्हा मरतो. एका वर्षी तर इतक्यांदा मेला की नायकाच्या बंदुकीतल्या टिकल्या संपल्या आणि शेवटचं मरण नुसत्या "ठो!" वर भागवावं लागलं.

एवढ्या मोठ्या मैदानात हे मरण न पाहिलेलं माणूस एकच. त्याची बायको. आमची वहिनी.

लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत तिच्या सासूनं सांगितलं होतं, नवऱ्याचं मरण खोटं का असंना, बायकोनं बघू नये. तेव्हापासून तिसरा अंक सुरू झाला की वहिनी उठायची, देवीच्या देवळात जाऊन बसायची आणि कानात बोटं घालायची. नाटक संपलं की एखादी बाई देवळाच्या दारातून हाक मारायची, "चल गं, मेला!" मग ही बाहेर यायची. तोंडाचा रंगही न पुसलेल्या नवऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि मगच त्याच्याशी बोलायची. बायका तिला चिडवायच्या, "तुझ्या मालकानं आज लई झ्याक जीव सोडला बघ." ती हसायची. पण भाकरतुकडा कधी चुकवला नाही.

आता माझ्याविषयी. मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार होऊन निवृत्त झालो. पण आमच्याकडे फौजेतला कुणीही माणूस एसटीतून उतरला की तो मेजर होतो. सरकारला बढती द्यायला वर्षं लागतात, आमच्या स्टँडवरचा चहावाला कपात चहा ओतता ओतता देतो. आता मी केडगावात राहतो, सुप्याच्या एका कारखान्यात सुरक्षा बघतो आणि जत्रेला न चुकता गावी असतो. यंदा मास्तरांनी मला 'लष्करी सल्लागार' नेमलं. कारण एवढंच की, गेल्या वर्षी नायकानं डाव्या हातानं सलाम ठोकला आणि सुट्टीवर आलेल्या जवानांनी हसून मैदान डोक्यावर घेतलं.

मास्तरांना वाटलं, मी सलाम सुधारीन, पट्टे सरळ करीन आणि चहा पिऊन जाईन. बिचारे.

पहिल्याच तालमीला मी खुर्ची पुढे ओढली, पायावर पाय टाकला आणि दुसऱ्या अंकात हात वर केला. तिथं काय होतं, तर आपल्या जवानांना शत्रूच्या ठाण्यात शिरायचं असतं. म्हणून ते पांढऱ्या गाडीवर लाल क्रॉस रंगवून, आत लपून जातात आणि ठाण्यात पोचल्यावर बाहेर उड्या मारून धडाधड गोळ्या घालतात. या प्रवेशाला मैदानात खरी जीप यायची. कॅप्टनचीच. स्वतःला मारायला येणाऱ्यांना तो दरवर्षी स्वतःची जीप फुकट द्यायचा, वर डिझेल त्याचंच.

"हे चालणार नाही," मी म्हणालो.

मास्तर दुखावले. "का नाही? हा गनिमी कावा आहे. आपल्या मातीतला."

"मास्तर, कावा चालतो. रात्रीची वाट धरा, झाडाच्या फांद्या बांधून बसा, खोटे तंबू ठोका, खोटी तोफ उभी करा, शत्रूला पार येडा करा. कायदा तुमच्या पाठीवर थाप मारील. पण लाल क्रॉसच्या आड बंदूक लपवली की तो कावा राहिला नाही. तो दगा झाला."

"फरक काय?"

"फरक असा की, उद्या खरी जखमी माणसं घेऊन गाडी निघाली तर समोरचा म्हणेल, हिच्यातही बंदुका असतील, उडवा. त्या गाडीत आपलाच पोरगा असेल. ते चिन्ह म्हणजे शपथ आहे, मास्तर. शपथ घेऊन गळा कापायचा नसतो."

मास्तर बराच वेळ पेन्सिल कानामागून काढत आणि परत खोचत बसले. मग म्हणाले, "दगा म्हणजे वाईटच की." आणि लाल क्रॉसवर काट मारली. जवान आता कडब्याच्या गंजीतून बाहेर पडणार होते. गंजी कुणाला काही वचन देत नाही.

माझा हुरूप वाढला. मी रोज तालमीला एकेक नियम काढायला लागलो. लढणारा वेगळा आणि न लढणारा वेगळा. नांगर धरलेल्या माणसावर बंदूक रोखायची नाही, मग तो बांधाच्या त्या बाजूचा का असेना. शत्रू एका घरात दडला म्हणून अख्खी वाडी उडवायची नाही. उंदरासाठी कणगी जाळायची नसते, हे आमच्या आज्या सांगत आल्या आणि जगातल्या राष्ट्रांनी सह्या करून तेच कबूल केलं. पाण्याला, उभ्या पिकाला, दवाखान्याला हात लावायचा नाही. पाण्याचं कलम आमच्या लोकांना एका झटक्यात पटलं. ज्या गावात टँकरची वाट बघत बायका उन्हात उभ्या राहतात, तिथं पाण्यावर वार करणारा माणूस कुठल्या कायद्यात बसत नाही हे शिकवावं लागत नाही.

मग आला तिसरा अंक. कॅप्टनच्या पायाला गोळी लागते, तो बंदूक टाकतो, हात वर करतो, आणि नायक त्याच्या छातीत गोळी घालतो.

मी उभा राहिलो. या उभं राहण्याची मी घरी आरशासमोर तालीम केली होती.

"ज्यानं हत्यार टाकलं, हात वर केले, जो जखमी होऊन पडला, त्याला मारता येत नाही. तो आता शत्रू नाही, कैदी आहे. त्याला पट्टी बांधायची, पाणी द्यायचं, जेवण द्यायचं. मारणं म्हणजे खून."

कोपऱ्यातली शेळी तेवढी रवंथ करत राहिली. नायकाचं काम करणारा आमचा दूध डेअरीवाला बंदुकीकडे बघत राहिला. कॅप्टन मात्र ताडकन पुढे आला.

"मेजर, माझं मरान काढून घेतलं तर मी जगून काय करू?"

"जग की. पगार घे."

"थट्टा नगं. लोकं माझ्या मरनाला येत्यात. आन मी काय लई सज्जन हाय का? दुसऱ्या अंकात मी हिरीत इख टाकलंय! त्याचं काय?"

"त्याचा तुझ्यावर खटला चालेल. रीतसर. पुरावे, साक्षीदार, वकील. पण तू कायदा मोडलास म्हणून आपला कायदा सुटत नाही. आपण तुझ्यासारखं वागायला लागलो तर आपल्यात आणि तुझ्यात फरक तो कुठला, फक्त मिशीचा?"

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती सांगताना मी नाटक करत नाही. नोकरीत एकदा आमच्या छावणीच्या दवाखान्यात दोन जखमी एकदम आणले. एक आमचा, एक समोरचा. आमच्या जवानाच्या दंडाला लागलं होतं, समोरच्याच्या पोटात. मी सवयीनं आमच्याकडे वळलो, तर आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले, ज्याचं रक्त जास्त जातंय तो आधी. आमचा जवान स्वतःच म्हणाला, "त्याला बघा, मी बसतो." पोटात गोळी असलेल्याला पाणी पाजता येत नाही. तो पाणी मागत होता. मी भिजवलेल्या कापसानं त्याचे ओठ ओले करत बसलो. तो वाचला. दुसऱ्या दिवशी आमच्या जवानानं त्याच्याकडे बघून मान हलवली, त्यानंही हलवली. बस, एवढंच. मला पदकं मिळाली नाहीत आणि मिळायला हवी होती असंही नाही. पण फौजेचा सगळ्यात ताठ क्षण कोणता असं कुणी विचारलं, तर परेड नाही, तो कापूस आठवतो.

वहिनी त्या दिवशी तालमीला चहा घेऊन आली होती. ट्रे हातात तसाच धरून दारात उभी. चहाला साय धरली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"भावजी," ती म्हणाली, "म्हंजी कैदी झाल्याला मारत न्हाईत?"

"नाही वहिनी."

"समद्या जगात?"

"समद्या जगात. सगळ्या देशांनी मान्य केलंय."

"आन आमच्याच गावात दर साली मारत्यात व्हय?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या लेखणीला गावात आजवर कुणी आंतरराष्ट्रीय गुन्ह्यात धरलं नव्हतं.

वहिनी नवऱ्याकडे वळली. "औंदा तुमी मरनार न्हाई ना, मंग मी तिसरा अंक बघनार. पुढं बसून." आणि ट्रे ठेवून निघून गेली. तिनं कुणाला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. माझ्या निवेदनातला हुकूम कुणाचा, हे मला तेव्हा उमगायला हवं होतं.

कॅप्टन खाली बसला. आता अडचण खरी होती. नाटक नव्हे, घर होतं. बायको इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं काम शेवटपर्यंत बघणार, आणि त्यात त्याचं सगळ्यात मोठं काम नाही.

मी त्याला पटवायला लागलो. "पट्टी बांधल्यावर दोघं तुला स्ट्रेचरवरून नेतील."

"न मरता खांदेकरी? अपशकुन!"

"बरं, कैद्याचा रुबाब बघ. कैद्यानं सांगायचं फक्त नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख. बाकी वदवून घ्यायला कुणी हात लावू शकत नाही."

"आन माझं भाषन? पाऊन पान हाय त्ये!"

"जबरदस्तीनं बोलायला लावता येत नाही, एवढंच."

"जबरदस्ती कशाला? मी आपखुशीनं बोलतो की!"

कायद्यात यावर काही उत्तर नाही. भाषण राहिलं. शिवाय मी हळूच कानात सोडलं, की पुढच्या जत्रेत खटला व्हायचा तर आरोपी जिवंत लागतो आणि खटल्यात सगळ्यात जास्त टाळ्या आरोपीच्या पिंजऱ्याला मिळतात. त्याच्या मिशीची टोकं वर गेली. त्यानं देवीची शपथ घेतली: मरणार नाही.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला नाटक सुरू झालं. मैदान तुडुंब. टोळ्यांची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढून बसलेली. पहिल्या रांगेत, मधोमध, हिरव्या नव्या साडीत वहिनी. मांडीवर फडक्यात बांधलेला भाकरतुकडा. मरण नसलं तरी तिनं तो आणला होता. सवयीपेक्षा सावधगिरी बरी.

जवान कडब्याच्या गंजीतून बाहेर आले तेव्हा पोरं किंचाळली. लवंगी फटाक्यांची माळ पेटली. कॅप्टनच्या पायाला गोळी लागली, त्यानं बंदूक टाकली, हात वर केले. डेअरीवाल्यानं नेम धरला. मैदान ओरडलं, "हाण! हाण!" डेअरीवाल्यानं घाम पुसला आणि तालमीत घोटलेलं वाक्य खणखणीत म्हटलं, "पडलेल्याला मारत नाही हा आमच्या फौजेचा धर्म आहे!" आणि बंदूक खाली केली. सलामही उजव्या हातानं केला. माझी छाती तिथंच एक माप वाढली.

मग माझी एन्ट्री. पट्टी बांधणाऱ्याचं नवं काम मास्तरांनी माझ्याच गळ्यात घातलं होतं. दंडावर पांढरी पट्टी, तिच्यावर लाल क्रॉस, हातात पिशवी. मी गुडघ्यावर बसलो, त्याच्या पायाला बँडेज बांधलं, पाणी पाजलं. त्यानं पाऊण पानाचं भाषण आपखुशीनं म्हटलं. दोघांनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं. इथं पडदा पडायचा होता.

पण पडदेवाला पोरगा दोरी विसरून बघत उभा राहिला, आणि मैदानात कुजबुज सुरू झाली. "मरंना का?" "आरं, कवा मरतोय?" ट्रॉलीवरून एक मुकादम ओरडला, "आमी कारखान्यावरून याचं मरान बघाया आलोय!" कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. बघता बघता सगळं मैदान एका तालात, "मर! मर! मर!"

मी त्याची नाडी धरून बसलो होतो. पट्टी बांधणाऱ्याची सवय. ती नाडी माझ्या बोटाखाली घोड्यासारखी दौडायला लागली. त्याची मिशी थरथरली. हात हळूहळू छातीकडे निघाला. तो हात मी ओळखतो.

"मेजर," तो ओठ न हलवता म्हणाला, "एकदाच. बारकंसं मरतो."

"शपथ घेतलीस! कायदा आहे!"

"जनता म्हनतीय रं."

आणि तो उठला. बँडेज बांधलेल्या पायावर उभा राहिला. आश्चर्य केलं. छातीवर हात ठेवला. डावीकडे पहिली झोकांडी गेली आणि मैदानातून आनंदाची अशी लाट आली की भोंगा शिट्टी मारायला लागला. दुसरी झोकांडी. डेअरीवाला हतबल. मास्तर विंगेत डोक्याला हात लावून. माझ्या डोळ्यांसमोर जगभरच्या राष्ट्रांच्या सह्या आमच्या जत्रेतल्या धुळीत उडत होत्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेत हिरवी साडी उभी राहिली.

तिनं काय म्हटलं ते मी शेवटी सांगणार, कारण त्याच्यानंतर दुसरं काही सांगायची माझी हिंमत नाही. आधी पुढचं सांगून टाकतो. ते वाक्य ऐकून कॅप्टन तिसऱ्या झोकांडीत एका पायावर थांबला. मग मुकाट मागे सरकला, स्ट्रेचरवर बसला, आडवा झाला आणि स्वतःच पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. अख्खं मैदान हसलं, आणि हसता हसता त्या हसण्याचं काहीतरी वेगळंच झालं. ट्रॉलीवरचा तो मुकादम उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. त्याच्यामागे सगळे. आणि मग आरोळी आली, "वन्स मोर!" आमच्या मैदानात जन्मात पहिल्यांदा वन्स मोर मरणाला नव्हता. आम्हाला स्ट्रेचर परत आणावं लागलं, बँडेज सोडून पुन्हा बांधावं लागलं, कॅप्टनला दुसऱ्यांदा वाचवावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यानं पाण्याचा घोट असा घेतला, इतका सावकाश, डोळे मिटून, की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्याला जगताही येतं हे आम्हाला तेव्हा कळलं. भाकरतुकडा वहिनीनं रंगमंचावर येऊनच ओवाळला, सगळ्यांदेखत, आणि त्यातला एक तुकडा माझ्यावरूनही.

सैन्यात असताना या कायद्यावरची व्याख्यानं मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांकडून ऐकली. नकाशे होते, पडद्यावर चित्रं होती. पण त्या कायद्याचं एवढं चोख पालन, एवढ्या मोठ्या जमावासमोर, एका वाक्यात करून घेतलेलं मी फक्त माझ्या गावात पाहिलं. कमरेला पदर खोचून, झोकांडी खाणाऱ्या नवऱ्याकडे बोट रोखून, भोंग्याची शिट्टीही दबेल अशा आवाजात वहिनी ओरडली होती:

"अवो! कैदी हाय ना तुमी? मंग गपगुमान जित्ते ऱ्हावा की!"